साताऱ्यात गाडीचे टायर बदलताय? कंपनी शेवटी ठरवा

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘बोला साहेब, कुठल्या कंपनीचा दाखवू?’ आणि नवखा माणूस लगेच उत्तर द्यायला लागतो. मित्राने सांगितलेलं नाव, नाहीतर क्रिकेटच्या बॅटवर बघितलेलं नाव. खरं तर कंपनी हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी माप, भार, टायर बनल्याची तारीख आणि मुख्य म्हणजे तुमची गाडी नेमकी कुठे फिरते, हे ठरलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात तर शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्हा दोघांचा एकच, पण एक गाडी चार महिने ओल्या घाटात आणि दुसरी वर्षभर तापलेल्या डांबरावर आणि मुरमाच्या रस्त्यावर. दोघांनी एकच टायर घ्यावा, असं कुणी सांगत असेल तर त्याला फक्त टायर विकायचा आहे.

आधी जुना टायर नीट बघा

बदलायची वेळ आली का, हे दुकानदाराला विचारू नका. स्वतः बघता येतं. टायरच्या नक्षीमध्ये ज्या खोल चरी असतात, त्यांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते सापडत नसतील तर टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा आणि तिथून सरळ वर चरीत बघा. या उंचवट्याची उंची १.६ मिमी असते. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांतही मोटारीसाठी किमान खोली १.६ मिमीच आहे.

पण ही शेवटची रेषा आहे. नव्या टायरला साधारण सात-आठ मिमी नक्षी असते आणि चरींचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकणं हे असतं. चर उथळ झाली की पाणी निघत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. म्हणून पावसाळ्यात पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली यांपैकी एखादा घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर ३ मिमी उरली की टायर बदलायच्या तयारीला लागा. फलटण-दहिवडीकडेच फिरणाऱ्याने अजून थोडं थांबलं तरी चालेल. खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं. नसेल तर अलाइनमेंटवाल्याकडे असतं, त्याला मोजायला सांगा. मोजताना बाहेरची कड, मध्य आणि आतली कड, तिन्ही ठिकाणी मोजा.

तीन ठिकाणी का, तर झीज सारखी नसते आणि ती कशी झाली आहे यावरून पुष्कळ कळतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, म्हणजे गाडी कमी हवेवर पळाली. फक्त मध्य झिजला, म्हणजे हवा जास्त होती. एकच कड गेली, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं आहे. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तर शॉकअब्झॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) तपासायला हवं. हा दोष काढल्याशिवाय नवे टायर टाकू नका. तोच दोष नव्या टायरलाही खाईल आणि तुम्ही वर्षभराने कंपनीला शिव्या द्याल. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढची चाकं बघा.

नक्षी भरपूर असूनही टायर बाद होतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे साइडवॉलवर, टायरच्या बाजूच्या उभ्या भागावर, आलेला फुगा. खड्ड्याच्या धारेवर चाक जोरात आदळलं की आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. महामार्गाचं काम चालू असताना डायव्हर्जनच्या कडेवर हे हमखास होतं. फुग्याला दुरुस्ती नाही. त्या टायरवर खंबाटकी चढू नका, आजच काढा. दुसरं कारण म्हणजे वय. रबर कालांतराने कडक होतं, कडेला बारीक तडे दिसू लागतात. वर्षातून चार-पाच हजार किलोमीटरच फिरणाऱ्या, पोर्चमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्यांना हे जास्त होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावं आणि नक्षी कितीही उरली असली तरी दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

माप कुठून घ्यायचं

सध्या गाडीला जो टायर आहे त्यावरून नाही. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं, देव जाणे. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनीने ठरवलेलं माप आणि हवा दोन्ही असतं. स्टिकर नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. एकाच मॉडेलला प्रकारानुसार दोन मापं असतात हेही लक्षात ठेवा. स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्यांना १८५/६५ आर १५ येतो. ‘स्विफ्टचे टायर द्या’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

समजा लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, इथे साधारण १२० मिमी. आर म्हणजे रेडियल, हा आतल्या धाग्यांच्या रचनेचा प्रकार. १५ म्हणजे डिस्कचा, टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. ८८ हा भाराचा आकडा आहे, किलो नव्हे. तक्त्यात ८८ ला एका टायरमागे ५६० किलो, ८२ ला ४७५ आणि ९१ ला ६१५. शेवटचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

‘आपण कुठे दोनशेने पळवतोय’ म्हणून वेगाचं अक्षर कमी घेऊ नका. ते टायर किती उष्णता सोसतो याचंही माप आहे, आणि एप्रिलमध्ये भरलेली गाडी महामार्गावर पळते तेव्हा उष्णताच टायर फोडते. भार आणि वेग दोन्ही मूळ आकड्याइतके किंवा वरचे चालतात, खालचे नाही. सात माणसं, वर टपावर सामान आणि निघाले जेजुरीला, असा तुमचा शिरस्ता असेल तर भाराच्या आकड्याकडे विशेष बघा.

आता जाड टायर टाकायचा मोह. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास साधारण ६२१ मिमी. त्याजागी १९५/६० आर १५ टाकला तर ६१५, म्हणजे जेमतेम एक टक्का फरक, चालून जातं. २०५/६५ आर १५ टाकला तर ६४७ च्या पुढे, चार टक्क्यांनी जास्त. मग स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, टायर वळणावर आतल्या प्लॅस्टिकला घासतो आणि पिकअप मरतो. तीन टक्क्यांच्या आत राहायचं, हा ढोबळ नियम. त्याच गाडीला १६ इंची अलॉय बसवून १९५/५५ घेतला तर व्यास जवळपास तोच राहतो, पण साइडवॉल १३ मिमीने कमी होते. दिसायला झकास. पण आपल्याकडच्या खड्ड्यांत ते १३ मिमीच डिस्क वाचवत असतात. माझं मत विचाराल तर मूळ मापच घ्या. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि पेट्रोलही थोडं जास्त खातो.

गाडी कुठे फिरते ते प्रामाणिकपणे ठरवा

टायरच्या रबरात ढोबळमानाने एक सौदा असतो. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, मऊ रबर ओल्यात जास्त धरतं. महागड्या टायरमध्ये हा सौदा बराच सांभाळलेला असतो, तरी पूर्ण सुटत नाही. दुकानात ‘हा साहेब लाखभर चालतो’ म्हणून दाखवलेला टायर बहुधा टॅक्सीवाल्यांसाठी बनलेला असतो. दिवसाला तीनशे किलोमीटर करणाऱ्या ड्रायव्हरचं गणित वेगळं, त्याला तो परवडतो. तुम्ही वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर करत असाल तर तो टायर झिजायच्या आधी म्हातारा होईल. त्यापेक्षा पकड विकत घ्या.

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा, पाटण, कोयनानगर या बाजूला राहणाऱ्यांनी किंवा पावसाळ्यात यवतेश्वर घाटातून कासला आणि बोरणे घाटातून ठोसेघरला वारंवार जाणाऱ्यांनी ‘ओल्या रस्त्यावर पकड’ हाच पहिला निकष धरावा. नक्षीत टायरभर गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद, खोल चरी हव्यात. चिखलात चालेल अशी मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी रांगडी दिसते, पण भिजलेल्या डांबरावर ती उलट कमी धरते.

रोज महामार्गाने पुण्याला किंवा कऱ्हाड-कोल्हापूरला जाणाऱ्यांना आवाज, उष्णता सोसणं आणि इंधन हे जास्त महत्त्वाचं. बारीक नक्षीचा, कमी आवाजाचा रस्त्याचा टायर घ्या. त्याला वेगाचं अक्षर एक पायरी वरचं मिळालं तर उत्तम.

माण, खटाव, फलटण, कोरेगावच्या शिवारात जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. मुरूम, खडी, बाभळीचे काटे आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा. इथे साइडवॉल दणकट हवी. हॅचबॅक असेल तर माप तेच ठेवून जाड साइडवॉलचा टायर मागा. बोलेरोसारखी गाडी असेल तर ‘एटी’ म्हणजे ऑल टेरेन प्रकार विचारात घ्या. निम्म्याहून जास्त फिरणं डांबरावर असेल तर मात्र ‘एचटी’, हायवेचा प्रकारच बरा. ‘एमटी’ चिखलाचे टायर रोजच्या गाडीला लावून दहिवडी ते सातारा यायचं म्हणजे घुंघुं आवाजाने कान किटतात.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती बॅटरीमुळे जड असते आणि चाकांना पहिल्या क्षणापासून जोर देते. तिला भाराचा आकडा कटाक्षाने तोच हवा. स्वस्तातला साधा टायर टाकलात तर तो भराभर झिजेल.

दोन की चार

चारही एकदम बदलता आले तर प्रश्नच नाही. बजेट दोनचंच असेल तर दोन टायर एकाच अॅक्सलवर (दोन्ही पुढे किंवा दोन्ही मागे), एकाच मापाचे, एकाच नक्षीचे हवेत. आता नवे टायर पुढे की मागे?

दुकानात बहुतेक जण पुढे टाकायला सांगतात, कारण पुढचे लवकर झिजतात आणि इंजिनही पुढची चाकं फिरवतं. ऐकायला पटतं. पण नवे टायर मागे टाका आणि मागचे बरे टायर पुढे घ्या. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, अॅक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते, आणि निदान काय होतंय ते स्टिअरिंगमध्ये कळतं. मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते. तिला सावरणं मुरलेल्या ड्रायव्हरलाही जमेलच असं नाही, आणि घाटात फिरायला जागा नसते. दुकानदार हसला तर हसू द्या, मागेच टाकून घ्या.

दुकानात

आता कंपनीचा प्रश्न. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, गुडइयर, कॉन्टिनेंटल. नावं सगळी ओळखीची आहेत आणि प्रत्येकाकडे चांगला आणि साधा, दोन्ही माल आहे. म्हणून नुसती कंपनी विचारू नका, मॉडेलचं नाव विचारा. ‘याच मापात ओल्यात धरणारा कोणता, जास्त चालणारा कोणता?’ असं विचारलंत की दुकानदारालाही कळतं, समोरचा माणूस थोडं वाचून आलाय. मग जो साताऱ्यात सहज मिळतो आणि ज्याची वॉरंटी इथेच बघितली जाते, तो घ्या. एखादा टायर अवेळी फाटला तर त्याच मॉडेलचा जोडीदार पुण्याहून मागवायला लागू नये.

टायर समोर आला की पहिली गोष्ट, कडेवर आयएसआय चिन्ह. मोटारीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६३३ आहे. आयात केलेल्या टायरवरही ते असावंच लागतं. नसेल तर किंमत कितीही कमी असो, नको.

मग तारीख. कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा तो उलटून बघा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर डोळे झाकून घ्या. वर्षभरापर्यंतचा सावलीत ठेवलेला असेल तर चालतो. त्यापुढचा असेल तर भाव पाडा नाहीतर दुसरा मागा. दुकानाच्या दारात उन्हात रचलेल्या चळतीतला तर मागूच नका. चारही टायरच्या तारखा बघा. वरचा ताजा आणि खालचे तीन शिळे असं होऊ शकतं.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो, ३००, ४२० असा. जास्त आकडा म्हणजे जास्त चालणारा. पण तो कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला उपयोगी, दोन कंपन्यांत नाही. त्याशेजारी ‘ट्रॅक्शन’ असतं, ते ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकबद्दल. ‘एए’ सर्वांत चांगलं, मग ए, बी, सी. घाटवाल्यांनी ए च्या खाली उतरू नये.

रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, टायर ट्रकवाले वापरतात, त्यांचं ते वेगळं गणित आहे. मोटारीला नको. ‘थोडाच वापरलाय’ म्हणून विकायला ठेवलेले सेकंडहँड टायर तर अजिबात नको. आतून कुठे पंक्चर काढलंय, कुठे दोरा तुटलाय, बाहेरून कळत नाही.

भाव दोन-तीन दुकानांत विचारा आणि विचारताना भाव कशाचा ते फोड करून घ्या. बसवणं, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, जीएसटी धरून किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुनी यादी दाखवून कुणी भाव सांगत असेल तर टोका. जुने टायर दुकानातच ठेवणार असाल तर त्यांचे पैसे वजा करून घ्या. नक्षी निम्मी उरली असेल तर ते फुकट द्यायचं कारण नाही.

बसवताना तिथेच उभे राहा

चहा सांगतील, तो प्या, पण गाडीजवळ उभं राहून. टायर यंत्रावर चढवताना कडेला साबणासारखी पेस्ट लावतात, ती बरोबर. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावत असतील तर थांबवा, रबर खराब होतं. ट्यूबलेसचे रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवे टाका. किरकोळ पैशांची ही वस्तू हळूहळू हवा सोडायला लागली तर महिनाभर कारण सापडत नाही.

नक्षीची दिशा बघा. काही टायरवर बाण आणि ‘रोटेशन’ लिहिलेलं असतं, तो बाण गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तिकडेच हवा. काहींवर एका बाजूला ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरच दिसली पाहिजे. गर्दीच्या दिवशी हे उलटं बसलेलं पुष्कळदा दिसतं.

प्रत्येक चाक बॅलन्सिंग यंत्रावर फिरलंच पाहिजे. चारही चाकं बसल्यावर अलाइनमेंट आणि त्याचा छापील कागद, आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला. नट आडव्यातिडव्या क्रमाने आवळायचे असतात, आणि शेवटचा पिळ हवेच्या बंदुकीने न देता टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. तो पाना दुकानात नसेल तर दुकान बदला, हे थोडं जास्त वाटेल, पण अलॉय डिस्क असेल तर माझं तेच म्हणणं राहील.

हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या कडेवर लिहिलेला ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नाही. नायट्रोजन भरा असा आग्रह झाला तर फुकट असेल तेव्हा भरा. आपल्या साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

बिलावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का. वॉरंटी बनावटीच्या दोषाला असते आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या हिशोबाने मिळते. खड्ड्याने आलेला फुगा साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. काही कंपन्या काही मॉडेलला ठरावीक मुदतीपर्यंत तोही धरतात, ते घेतानाच विचारा.

पहिला महिना

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लागलेला बुळबुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, आणि ते शक्यतो कोरड्या सपाट रस्त्यावर. शनिवारी टायर टाकून रविवारी भर पावसात पाचगणी नको. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळून घ्या, अलॉय असतील तर न चुकता.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना बघा. बाहेरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा एक-दोन पीएसआयने उतरते, त्यामुळे मे महिन्यात भरून डिसेंबरपर्यंत विसरलात तर पंक्चर नसताना टायर खाली गेलेला दिसेल. आठ-दहा हजार किलोमीटरवर पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा आणि त्याच वेळी अलाइनमेंट तपासा.

स्टेपनी विसरू नका. तिचंही वय बघा, तारीख तिच्यावरही असते. नवे दोनच टायर घेतले असतील तर काढलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा आणि कमी वयाचा टायर स्टेपनीच्या डिस्कवर चढवता येतो, माप जुळत असेल तर. बऱ्याच अलॉय चाकांच्या गाड्यांना स्टेपनी लहान मापाची येते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती आहे, ती लावून पुणे गाठायचं नाही. तिच्यात स्टिकरवर सांगितलेल्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवा आणि जॅक, पाना, हातमोजे डिकीत आहेत का ते बघा. टायरमधली हवा सांगणारे सेन्सर असलेल्या काही नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चर किट येतं. तुमची तशी असेल तर त्यातल्या द्रवाच्या बाटलीची मुदत संपली नाही ना, एवढं बघून घ्या.